लहान हायस्कुलात विद्यार्थी मंडळं वर्षभर कशी चालवावीत

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच शिक्षकसभेत जबाबदाऱ्यांचा तक्ता फिरतो. विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, गणित मंडळ, इतिहास मंडळ, हरित सेना, सांस्कृतिक, क्रीडा, सहल, आरोग्य. पाचवी ते दहावी एकेक तुकडी, दीड-पावणेदोनशे मुलं आणि सात-आठ शिक्षक एवढीच शाळा असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन मंडळं येतात. जुलैत उद्घाटन होतं, पाहुण्यांचं स्वागत होतं, फोटो निघतो. पुढे वार्षिक अहवाल लिहायची वेळ येईपर्यंत त्या मंडळाकडे कुणाचं लक्ष जात नाही. यात शिक्षकांचा आळस नसतो. मंडळाला रोज किंवा दर आठवड्याला करायचं असं ठरलेलं कामच दिलेलं नसतं, आणि काम नसलेलं मंडळ टिकत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: लहान शाळेनं मंडळं दोन किंवा तीनच काढावीत, पण प्रत्येकाकडे असं काम असावं की ते आठ दिवस झालं नाही तर कुणीतरी विचारायला आलं पाहिजे. हा लेख अशा खेड्यातल्या, एकेक तुकडीच्या शाळांतल्या शिक्षकांसाठी आणि मुख्याध्यापकांसाठी आहे. शहरातल्या मोठ्या शाळेचं गणित वेगळं असतं.

मंडळं कमी करायची, पण तपासणीचं काय?

ही शंका सगळ्यात आधी येते, म्हणून तिचं उत्तर आधी. तपासणीला आलेले अधिकारी किंवा संस्थेची मंडळी आठ मंडळांची आठ नावं विचारतात. आठ नावं राहू द्या, पण कामं एकत्र करा. विज्ञान, भूगोल, गणित आणि हरित सेना या सगळ्यांचं मिळून एक ‘नोंद मंडळ’ करा. पाऊस, झाडं, पक्षी यांच्या वर्षभराच्या नोंदी हे त्याचं काम. मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास आणि चित्रकला मिळून ‘भित्तिपत्रक मंडळ’. तिसरं ग्रंथालय मंडळ, तेही कपाटात पुस्तकं असतील तर. मग कागदावर विज्ञान मंडळाचा जो उपक्रम लिहाल तो खरोखर झालेला असेल आणि त्याची वही दाखवता येईल. शिवाय आठवीपर्यंतच्या आकारिक मूल्यमापनाच्या नोंदींसाठी आयता पुरावा हाताशी राहतो. मार्चमध्ये बसून नोंदी भरत राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

वेळ शाळेच्या आतच काढा

शाळा सुटल्यावर मंडळ घ्यायचं ठरवलं तर ते पहिल्या महिन्यातच बंद पडतं. कारण साधं आहे: मुलं चार वाड्या-वस्त्यांवरून येतात आणि एसटी थांबत नाही. मुली मानव विकासच्या निळ्या बसनं येत असतील तर ती चुकली की घरी जायला दुसरं साधन नाही, आणि असा प्रकार एकदा घडला की घरचे पुन्हा थांबू देत नाहीत. घरी गेल्यावर पाणी, जनावरं, धाकटी भावंडं ही कामं असतातच. म्हणजे सुटल्यावरचं मंडळ फक्त गावातल्या मुलांचं, त्यातही मुलग्यांचं होऊन बसतं.

उपाय वेळापत्रकात आहे. शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात, वेळापत्रक पक्कं व्हायच्या आत मुख्याध्यापकांकडे जा आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेतले शेवटचे दोन तास सगळ्या वर्गांना एकाच वेळी मागून घ्या. कार्यानुभव, कला आणि शारीरिक शिक्षण यांच्या तासिका तशाही असतात. त्या शनिवारी समोरासमोर आणल्या की कुठल्याही विषयाचा तास न मोडता पाचवी ते दहावीची मुलं एकत्र बसू शकतात. वेळापत्रक एकदा छापून वर्गात लागलं की हे करणं फार अवघड जातं, त्यामुळे यात आठवडाभराचीही दिरंगाई करू नका. गणिताच्या सरांना शनिवारी जादा तास हवा असतो. त्यांच्याशी आधीच बोलून घ्या, नाहीतर दिवाळीनंतर ते दोन तास हळूहळू जादा तासांकडे जातात.

रोजची कामं, म्हणजे पाऊस मोजणं, फळ्यावर आकडा लिहिणं, पुस्तकं देणं, ही परिपाठाच्या आधीची दहा मिनिटं आणि मधली सुट्टी यांत बसतात.

कोणती मुलं कुठे

लहान शाळेतली मोठी अडचण अशी की सगळीकडे तीच चार मुलं असतात. भाषणाला तीच, कबड्डीला तीच, पंधरा ऑगस्टच्या सूत्रसंचालनाला तीच, विज्ञान प्रदर्शनालाही तीच. शिक्षकांना ती मुलं सोयीची वाटतात, कारण सांगितलेलं नीट करतात. पण यात उरलेली दीडशे मुलं सहा वर्षं टाळ्या वाजवून बाहेर पडतात. मंडळं काढायची ती मुख्यतः या दीडशे मुलांसाठी.

म्हणून तीन नियम सुरुवातीलाच परिपाठात जाहीर करा. एका मुलाकडे एकच पद. मंडळाची प्रमुख नववीची मुलगी किंवा मुलगा, दहावीचा नाही. आणि प्रत्येक कामाला जोडी.

दहावीची मुलं दिवाळीपर्यंत सल्ल्याला असतात. त्यानंतर सराव परीक्षा आणि बोर्ड यांतून त्यांना वेळ मिळत नाही. नववीकडे प्रमुखपण दिलं तर पुढच्या वर्षी तीच मुलं दहावीत जाऊन नव्यांना शिकवतात. जोडीचं कारण वेगळं. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबं ज्या भागात आहेत, तिथे काही मुलं सहा-सहा महिने गावात नसतात. काम एकट्यावर असेल तर ते तिथेच थांबतं. जोडीत एक सहावी-सातवीतला आणि एक आठवी-नववीतला असावा. वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र काम करतात हा लहान शाळेचा खरा फायदा आहे. मोठ्या शाळेत पाचवीतल्या मुलाला नववीतल्या मुलीकडून काही शिकायची संधी सहसा मिळत नाही.

निवडीसाठी हात वर करायला लावू नका. हात वर केला की मैत्रिणी जातात तिथे सगळ्या जातात. चिठ्ठीवर नाव, पहिली पसंती, दुसरी पसंती आणि ‘मला काय जमतं’ अशी एक ओळ लिहून घ्या. त्या शेवटच्या ओळीत सायकलचं पंक्चर काढता येतं, रांगोळीची मोठी अक्षरं येतात, शेळीचं दूध काढता येतं, असं बरंच काही निघतं. ज्याला पंक्चर काढता येतं त्याच्याकडे पर्जन्यमापक बसवण्याचं काम द्या. तो ते मन लावून करतो.

नोंद मंडळ: पावसापासून सुरुवात

नवं मंडळ सुरू करताना पहिलं काम पाऊस मोजण्याचं घ्यावं असं मी आग्रहानं सांगतो. खर्च जवळजवळ नाही, काम रोजचं आहे, आणि गावाला त्या आकड्याची गरज आहे.

दोन लिटरची पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली घ्या. तिचा मधला भाग सरळ हवा. कमरेत बारीक किंवा खोलगट वळ्या असलेली बाटली चालत नाही. जिथे बाटली निमुळती व्हायला लागते तिथे कापा. वरचा तुकडा बूच काढून उलटा करा आणि खालच्या भागात नरसाळ्यासारखा बसवा. कडेला चिकटपट्टी लावा. तळ खोलगट असतो, म्हणून आत बारीक खडे टाका आणि बाटलीचा सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरा. ती शून्याची रेघ. तिथून वर मिलिमीटरची पट्टी बाहेरून चिकटवा. नरसाळ्याचं तोंड आणि बाटली एकाच रुंदीची असल्यामुळे पाणी जितके मिलिमीटर चढलं तितके मिलिमीटर पाऊस, वेगळा हिशेब लागत नाही. वाचन झालं की पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणून ठेवायचं. कडक उन्हात ही पातळी थोडी उतरते, म्हणून कोरड्या दिवशीही ती तपासून घ्यायची.

जागा मोकळी हवी. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर बाटली असावी. तोंड जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर वर राहील अशी, मातीच्या बादलीत किंवा विटांत घट्ट रोवा. गच्चीवर ठेवू नका, तिथे वाऱ्यानं आकडा चुकतो. हवामान खातं पाऊस सकाळी साडेआठला मोजतं. शाळा साडेदहाची असेल तर शेजारी राहणाऱ्या जोडीकडे हे काम द्या, म्हणजे रविवार आणि सुट्ट्याही सांभाळल्या जातात. ते अजिबात जमत नसेल तर शाळा भरण्याची वेळ धरा. पण जी धराल ती रोज तीच. कोकणात किंवा घाटमाथ्यावर शाळा असेल तर मुसळधारेच्या दिवसांत दोनदा मोजून बेरीज करावी लागते, नाहीतर बाटली भरून वाहते.

वहीत रकाने पाच: तारीख, वेळ, पाऊस मिमीमध्ये, मोजणाऱ्याची सही, शेरा. सहावा रकाना मुलांना हवा असेल तर नक्षत्राचा ठेवा. गावातली जुनी माणसं मृगाचा किती, आर्द्रेचा किती असंच विचारतात, आणि नक्षत्रवार बेरीज फळ्यावर लागली की ती थांबून वाचतात.

एक गोष्ट मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवावी लागते: पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचं. मुलं त्या दिवशीची ओळ कोरी सोडतात. कोऱ्या ओळीवरून पाऊस पडला नाही की कुणी मोजला नाही, हे कळत नाही. ‘०’ लिहून खाली सही केली म्हणजे कुणीतरी तिथे गेलं होतं आणि बघून आलं होतं. ऑगस्टमध्ये पावसानं ओढ दिली की ओळीनं शून्यं लागतात आणि तोच काळ पिकासाठी सगळ्यात महत्त्वाचा असतो. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे दिवसभरात २.५ मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस पडला तरच तो ‘पावसाचा दिवस’, आणि ६४.५ मिमीपासून पुढे ‘जोरदार’. या दोन रेघा तक्त्यावर लाल-निळ्या पेन्सिलीनं मारल्या की सातवीतल्या मुलांनाही महिना कसा गेला ते एका नजरेत कळतं.

आता आकड्यांचं काय करायचं? रोजचा आकडा परिपाठात सांगायचा आणि फाटकाजवळच्या फळ्यावर लिहायचा. महिन्याची बेरीज आणि स्तंभालेख ही आठवीच्या गणिताची कामगिरी. महसूल मंडळातल्या (म्हणजे आजूबाजूच्या काही गावांच्या महसुली गटातल्या) स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघायचा. फरक दिसला तर लगेच आपलं चुकलं असं समजू नका, कारण मृगाच्या वळवासारख्या सरी एका शिवारात पडतात आणि दुसऱ्यात नाही. सातारा जिल्ह्यातली मुलं असतील तर त्यांच्यासाठी मोठाच धडा घरात आहे: महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. भूगोलाच्या पुस्तकातला पर्जन्यछायेचा परिच्छेद मुलांना मग वेगळा समजावावा लागत नाही.

पाऊस ओसरला की मंडळ पक्ष्यांकडे वळतं. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ ही मारुती चितमपल्ली यांची आणि १२ ही सालिम अली यांची जन्मतारीख. हे दिवस पुष्कळदा दिवाळीच्या सुट्टीत किंवा तिला लागून येतात, म्हणून मुलांना घरच्या शिवारातच पंधरा मिनिटं बसून मोजायला सांगा. नाव ठाऊक नसेल तर गावातलं नाव लिहू द्या. होला, सातभाई, वेडा राघू, टिटवी ही नावं घरातली मोठी माणसं सांगतात. पुस्तकातलं नाव नंतर शनिवारी शोधता येतं.

भित्तिपत्रक

हस्तलिखित काढण्याची आपल्याकडे चांगली परंपरा आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. आपल्याला रोज काढायचं नाही. पंधरा दिवसांनी एक, तेही ठरलेल्या सोमवारी.

वार्षिक हस्तलिखितापेक्षा भित्तिपत्रक बरं. वार्षिक अंक सुंदर होतो, स्नेहसंमेलनात त्याचं प्रकाशन होतं आणि मग तो कार्यालयातल्या कपाटात जातो. भित्तिपत्रक मुलं मधल्या सुट्टीत उभ्यानं वाचतात, आणि आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचताना बघणं हीच लिहायची मोठी ओढ असते.

मोठा कार्डशीट भिंतीवर कायम ठेवा आणि त्यावर साध्या कोऱ्या कागदांचे सहा-आठ तुकडे टाचणीनं लावा, म्हणजे दर वेळी नवा कार्डशीट लागत नाही. जागा पाण्याच्या टाकीजवळ किंवा मधल्या सुट्टीत मुलं जिथे रेंगाळतात तिथे. कार्यालयाबाहेरची भिंत नको, तिथे मुलं थांबत नाहीत. उंची सहावीतल्या मुलाच्या डोळ्यांना येईल अशी.

मजकूर कोणता हा खरा प्रश्न. मुलांवर सोडलं तर पहिल्या अंकात सुविचार, शिवरायांवर उतरवून काढलेला निबंध आणि मोबाइलमधून घेतलेल्या कविता येतात. यावर एकच नियम पुरतो: जे गावात बघितलं, ऐकलं किंवा विचारलं तेच लावायचं, उतरवलेलं नाही. मग एसटीच्या कंडक्टरची मुलाखत येते, आठवडे बाजारातले भाव येतात, विहिरीची पातळी येते. आमच्या फलकावर एका मुलीनं आजीच्या गोधडीतले तुकडे कुणाकुणाच्या कपड्यांचे आहेत त्याची यादी लावली होती: मामाच्या लग्नातला फेटा, आत्याचं परकर-पोलकं, आजोबांचं धोतर. ती मुलगी वर्गात फारशी बोलत नसे. त्या पंधरवड्यात मुलं तो कागद वाचायला दोन-दोनदा येत होती, आणि पुढच्या अंकासाठी पाच जणींनी आपापल्या घरची गोधडी उलगडून आणली.

शुद्धलेखन तपासा, पण लाल पेनानं मूळ कागदावर नाही. मुलाच्या शेजारी बसून पेन्सिलीनं खुणा करा आणि त्याच्याकडूनच दुसरी प्रत लिहून घ्या. बोलीतलं वाक्य असेल तर ते तसंच राहू द्या. मुलाखतीतल्या माणसाच्या तोंडी प्रमाणभाषा घातली की ती मुलाखत त्याची राहत नाही. कुणाच्या घरचं भांडण, कर्ज, आजार असं काही आलं तर मात्र ते लावायचं नाही, आणि का लावलं नाही ते त्या मुलाला बाजूला बसवून सांगायचं. संपादक मंडळात पाच जण पुरेत. भिंतीवरून काढलेला जुना अंक प्रत्येक वेळी फायलीत जपा.

ग्रंथालय आणि खेळ

ग्रंथालय मंडळाबद्दल फार सांगायची गरज नाही. कपाटाची किल्ली मुलांच्या हाती द्या. त्याशिवाय काहीच होत नाही. वहीत तारीख, नाव, पुस्तक, परत तारीख. पुस्तक हरवलं तर दंड लावू नका. दंडाच्या भीतीनं मुलं पुस्तक नेतच नाहीत आणि शिक्षक कपाट उघडत नाहीत. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनापर्यंत वही अर्धी भरलेली असेल तर मंडळ नीट चाललं आहे असं समजा.

खेळांचं वेळापत्रक तालुका क्रीडा स्पर्धांवर चालतं आणि ते क्रीडाशिक्षकांना चांगलं ठाऊक असतं. माझी एवढीच विनंती की संघाबाहेरच्या मुलांना गुणलेखन, पंचगिरी आणि मैदान आखणी शिकवा. खो-खोचं मैदान दोरी आणि चुन्यानं नीट आखता येणं ही भूमितीच आहे.

पैसे

मुलांकडून वर्गणी गोळा करू नका. वीस रुपयेसुद्धा काही घरांत जड असतात आणि न देणारं मूल मग मंडळालाच येत नाही. वर सांगितलेली कामं रद्दी विकून आलेल्या पैशांत होतात. त्यापुढे लागले तर माजी विद्यार्थ्यांकडे वस्तू मागा, रोख नको: टाचण्यांचा डबा, कार्डशीट, दुर्बीण. जमाखर्च आठवीतल्या जोडीनं लिहावा आणि दर महिन्याला भित्तिपत्रकाच्या एका कोपऱ्यात लावावा. पावत्या चिकटवायची सवय या वयात लागली तर ती जन्मभर जात नाही.

शाळेबाहेर जाताना

ओढ्यावर, डोंगरावर, देवराईत जायचं तर पालकांचं संमतिपत्र, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि दोन मोठी माणसं हवीतच. मुली असतील तर त्यांतली एक शिक्षिका किंवा आई. भरलेल्या विहिरीजवळ आणि शेततळ्याजवळ मुलांना नेऊ नका. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या उतारावरून पाय घसरला की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही, आणि हे मुलांना जाण्याआधी वर्गात स्पष्ट सांगा. मुलींचे फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नका.

स्पर्धांकडे कसं बघावं

तालुका विज्ञान प्रदर्शन, राष्ट्रीय बालविज्ञान परिषद, इन्स्पायर मानक, यांत भाग जरूर घ्या, पण मंडळ त्यासाठी काढू नका. इन्स्पायर मानक या केंद्र सरकारच्या योजनेसाठी शाळेतून पाच कल्पना पाठवता येतात आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या खात्यावर १०,००० रुपये येतात, ही रक्कम खेड्यातल्या मुलासाठी मोठी आहे. बालविज्ञान परिषदेत स्थानिक प्रश्नाचा अभ्यास मागतात. ज्या मंडळाकडे दोन वर्षांच्या पावसाच्या किंवा विहिरींच्या पातळीच्या स्वतःच्या नोंदी आहेत त्याला विषय शोधत बसावं लागत नाही. प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी थर्माकोलचा ज्वालामुखी करणाऱ्या शाळेपेक्षा तुमच्या मुलांना परीक्षकांच्या प्रश्नांची उत्तरं जास्त येतील, कारण ती त्यांनी पाठ केलेली नसतील. डिसेंबर-जानेवारीत प्रदर्शन, स्नेहसंमेलन, सहल सगळं एकदम येतं. त्या दिवसांत पाऊस मोजणं आणि भित्तिपत्रक एवढंच चालू ठेवा, बाकी थांबलं तरी चालेल.

वर्ष संपताना

२७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन हे लागून येतात. हे दोन दिवस मंडळांच्या कामाला द्या. पाहुण्यांचं भाषण ठेवण्याऐवजी वर्षाचा पावसाचा तक्ता आणि भित्तिपत्रकाची फाईल पालकांसमोर मांडा, आणि समजावून सांगायला सहावी-सातवीतली मुलं उभी करा.

मग मार्चच्या पहिल्या शनिवारी आठवीतून पुढचे प्रमुख ठरवा. जुन्या प्रमुखानं वही, फाईल, किल्ली आणि उरलेल्या सामानाची यादी नव्याच्या हाती द्यायची आणि दोघांनी यादीखाली सह्या करायच्या. शाळा १५ जूनच्या सुमाराला उघडते, पण मृग ७-८ जूनला लागतो आणि वळीव त्याच्याही आधी येतो. म्हणून पर्जन्यमापकाची बाटली आणि वही सुट्टीत शाळेत कुलूपबंद ठेवू नका. ती गावात राहणाऱ्या जोडीच्या घरी द्या, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रोवायला सांगा, आणि पहिली सर पडली की तुम्हाला फोन करून आकडा कळवायला सांगा.